मी सांगितलेलं माशांचं वय

गेल्या आठवड्यापर्यंत हे माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. आता सांगायचं ठरवलंय — आणि तरी बघा, कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही.

मी माशांचं वय सांगते. हीच माझी नोकरी, अजून थोडे दिवस. अबू धाबीत, मुसफ्फाच्या कारखान्यांपलीकडे आमची शेड आहे. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत टाक्यांमधलं पाणी हात बधिर होईल इतकं गार. त्यात आम्ही ‘आर्क्टिक चार’ नावाची जात वाढवतो — उत्तरेकडच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांतला गोड्या पाण्याचा मासा. त्याच्या कानात चिमुकला खडा असतो. दर हिवाळ्यात वाढ मंदावली की त्या खड्यावर एक रेघ उमटते. खडा घासायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा, रेघा मोजायच्या.

ही नोकरी मला इम्तियाजने मिळवून दिली. रत्नागिरीत आम्ही एकत्र मत्स्यशास्त्र शिकलो. तो इथे आधी आला. टाक्या आणि खाद्य त्याच्याकडे. मॅनेजरच्या कानावर माझं नाव त्यानेच घातलं. सुरुवातीला मी त्याच्याच घरी राहिले, त्याच्या बायकोच्या, रुबिनाच्या, हातचं जेवले.

मग एकदा उत्तरेकडून जिवंत मासे आले. कोवळे, वाढत्या वयाचे, असं पाठवणाऱ्याचं म्हणणं. माल घेण्याआधी त्यातले काही मासे कापून खडे तपासायचे, हे काम माझं. मी तपासले नाहीत. लांबी मोजली, लांबीवरून वय ठरवलं, सही केली. घाई होती का? नाही. कंटाळा आला होता — साधा कंटाळा.

वर्ष गेलं, मासे वाढेनात. इम्तियाज खाद्य बदलून बघे, सुट्टीच्या दिवशीही येऊन टाकीपाशी उभा राही. शेवटी मॅनेजर मला म्हणाले, "खडे चेक करो. मछली बूढी है तो माल खराब. जवान है तो खिलाने में गडबड है."

मी बघितले. रेघांवर रेघा, काठाशी तर नुसती दाटी. गर्दीच्या तळ्यात खुजे राहून म्हातारे झालेले मासे होते ते. त्यांना काहीही खायला घातलं असतं तरी ते वाढले नसते. आणि ते पारखून घेतले होते मी.

मीटिंगमध्ये मी म्हणाले, "तरुण आहेत."

हेच ते. इतकंच — दोन शब्द.

"खलास," मॅनेजर म्हणाले. "फीडिंग का ही प्रॉब्लेम है."

इम्तियाजने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू स्वतः बघितलंस ना?"

मी मान हलवली.

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्याची नोकरी गेली. पण नोकरी दुसरी मिळते हो — आपल्याला मासे वाढवता येतात हा त्याचा भरवसा मी काढून घेतला, तो कुठून मिळणार होता? त्याने दुसऱ्या फार्मकडे अर्जसुद्धा केला नाही. शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या पार्ट्सच्या गोदामात लागला. दर ईदला शिरखुर्मा पाठवत राहिला. मी खात राहिले.

गेल्या आठवड्यात नवीन मासे आले तेव्हा मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "इम्तियाज जैसा भूखा मत रखना." सगळे हसले. मीसुद्धा हसले — आणि मला माझ्या हसण्याची भीती वाटली. त्याच दुपारी केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. माझा नोटिस पिरियड सुरू झाला.

रविवारी शारजाला, इम्तियाजच्या घरी गेले. रुबिनाने बस म्हटलं. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं — कंटाळ्यापासून मीटिंगपर्यंत, काही न गाळता. त्यांची मुलगी आतल्या खोलीच्या दारात येऊन ऐकत होती.

"सो डॅडी डिडन्ट डू एनीथिंग राँग?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "चूक माझी होती. आणि खोटंही मीच बोलले."

इम्तियाज खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "मी त्यांना उपाशी ठेवलं असं समजून मी अजून —" तो मुलीजवळ जाऊन उभा राहिला.

रुबिनाने दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. मी चपला घातल्या.