मावशीची चार चाकांची सवत

आमच्या मावशीला सवत आली ती लग्न चांगलं मुरल्यावर. पांढरी, धिप्पाड, डिझेलवर चालणारी. पोटात पलंग, ओटा, चिमुकलं बेसिन. काकांनी निवृत्त झाल्यावर ही कॅम्पर व्हॅन दारात आणून उभी केली. दारातून आत मावली असती तर घरातही घेतली असती.

"आता तुला समुद्र दाखवतो," काका म्हणाले होते. मावशीचा जन्म इस्त्रीच्या दुकानात वाफ खाण्यात गेलेला. तिने लगेच व्हॅनमधल्या पलंगाच्या मापाच्या चादरी शिवून घेतल्या. त्या कपाटातच राहिल्या. काका रोज सकाळी गाडी पुसायचे, कोपऱ्यावरून दूध आणायला न्यायचे आणि परत दारात लावायचे. लांब नेली की ओरखडे येतात, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांवर रंगाचे फवारे मारलेले, त्यामुळे ओरखडा त्यांना लांबूनच दिसायचा.

मी त्यांच्याच माडीवर राहतो, त्यामुळे मावशीची खिडकीतली टीका मला रोज चहाबरोबर मिळे.

"बघ, काच कशी गोंजारतायत. माझ्या चष्म्याची काच तडकली होती, महिनाभर पत्ता नव्हता यांना."

मग गाडीला जळका वास यायला लागला. तो शेजाऱ्यांना आला, काकांना नाही. थिनर हुंगून हुंगून त्यांचं नाक कधीच कामातून गेलंय. मावशीचं मात्र असं की दुकानाच्या पायरीवरूनच ती सांगेल, आत सुती करपलंय की रेशमी. तेव्हा काकांनी तिलाच गाडीच्या मागे, धुराच्या नळीपाशी उभं केलं.

"नीट घे. कसा आहे?"

"जळका."

"ते कळलं गं. रबरासारखा? तेलासारखा? प्लास्टिक?"

"तापलेल्या इस्त्रीला मळ चिकटतो ना, तसा."

"कडवट की उग्र? आधी कमी होता का?"

संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली ती धुमसतच. "इतके प्रश्न या माणसाने मला बघायला आल्यावरसुद्धा विचारले नव्हते. मला ताप आलाय म्हटलं, तर 'बरं' म्हणाले होते."

दुसऱ्या दिवशी तिने वास वाढवून सांगितला. आतून सगळं जळतंय, असली वस्तू दारात ठेवू नये, विकून मोकळे व्हा. झालं उलटंच. काकांनी गाडीशेजारी खुर्ची टाकली आणि इंजिन चालू ठेवून तिथेच बसायला लागले. वास आला असं मावशी म्हणाली की ते धडपडत उठून इंजिन बंद करायचे आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, कपाळ बघितल्यासारखे. सवत धडधाकट होती तेव्हा परवडली, आजारी पडल्यावर तिचे लाड दुप्पट झाले.

शेवटी दोघं गाडी घेऊन गॅरेजात गेले. मेकॅनिकने विचारलं, "चालवता किती?"

"दुधापुरती," मावशी म्हणाली.

"मग बरोबर. नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच काजळी जाळते, तेव्हा वास यायचाच. पण त्याला लांबची, एका वेगाची धाव लागते. तुम्ही मधेच बंद करता, काजळी अर्धीच जळते, पुन्हा वास. हायवेला घ्या आणि वास जाईपर्यंत बंद करू नका."

"गेला हे मला कसं कळणार?" काका म्हणाले आणि मावशीकडे वळले. "उद्या तुला यावं लागेल."

"माझ्यासाठी समुद्र लांब होता," घरी आल्यावर ती बॅग भरता भरता मला म्हणाली. "हिच्या पोटात दुखलं तर लगेच निघाले. मी जाणार ती हिची नर्स म्हणून." म्हणत होती, पण चादरी आधी भरल्या होत्या. मला दुकानाची किल्ली दिली.

दुपारी तिचा फोन आला.

"दुकान उघडलंस?"

"उघडलं. वासाचं काय झालं?"

तिचा आवाज खाली आला. "तो पहिल्या चहालाच गेला. मी मागे जाऊन दोनदा हुंगलं." लांबून काका काहीतरी ओरडले. मावशीने फोन न झाकताच ठणकावून उत्तर दिलं, "येतोय हो अजून, बारीकसा. थांबून नाही चालायचं. समुद्रापर्यंत तरी न्यावी लागेल."

"मावशी, काका बिचारे काळजीने अर्धे झाले असतील."

"होऊ देत. अर्धे झाले तरी ते अर्धे कुणाचे, ते बघू."

तेवढ्यात मागून काकांचा आवाज अगदी स्पष्ट आला, "चल माझी राणी, थोडंच राहिलंय."

मी म्हटलं, "घ्या. पटलं ना आता?"

"कसलं पटतंय. मी अजून रस्त्यावर उभी आहे, ते आत बसून स्टेअरिंगशी बोलतायत. ठेवते मी, नाहीतर दोघं मला सोडून जातील."