दर्ग्याच्या दारावरची पाटी

ती गोष्ट निघाली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले कित्येक चेहरे आता आठवतही नाहीत. पण दर्ग्याच्या दारावर लावलेली एक टिनाची पाटी मात्र मनातून जात नाही. त्या प्रकरणात कोणी मेलं नाही, कुणाचं काही चोरीला गेलं नाही, म्हणून कोर्टकचेरीच्या लेखी ते प्रकरण झालंच नाही.

मी तेव्हा जबलपुरातल्या एका ठाण्याचा टी. आय., म्हणजे ठाणेदार होतो. राज्यांची फेररचना होऊन बरीच वर्षं झाली होती. विदर्भ तिकडे महाराष्ट्राकडे गेला आणि आमच्यासारखी मराठी घरं इथेच राहिली. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असा आमचा संसार. ओमती नाल्याच्या पलीकडे एका गल्लीत, कडुनिंबाच्या झाडामागे, एका पीरबाबांचा लहानसा दर्गा आहे. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिथे निम्मी गर्दी हिंदूंची असायची. लेकरू आजारी पडलं, मुलीचं जमत नाही, बदली थांबवायची आहे, असं काही असलं की लोक सरळ तिथे जात. माझ्या हद्दीतली ती सगळ्यात शांत जागा होती. बीटचा शिपाई तिथे बंदोबस्ताला म्हणून जायचा आणि सावलीत बसून यायचा.

एका शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असताना आमचा हवालदार माझ्या कानाशी आला. जुना माणूस, शहराची नस ओळखणारा. म्हणाला, "साहब, दरगाह पर काल मारपीट झाली म्हणतात. बाजारात लोक जमून राहिले. दुपारपर्यंत दुकानं बंद होतील."

तो सांगतो न सांगतो तोच फिर्यादी स्वतः हजर झाला. कपाळाला पट्टी, मागे घोळका. मूळचा सिहोऱ्याचा, धान्याची दलाली करणारा, शहरात येऊन पुढारी व्हायची हौस असलेला गृहस्थ. मी घोळका अंगणात थांबवला, त्याला एकट्याला आत घेतलं आणि मुन्शीला, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाला, फिर्यादीची रपट लिहायला बसवलं. त्याचं म्हणणं असं: तो वर्षानुवर्षं दर जुमेरातीला दर्ग्यात जातो. काल दारावर नवी पाटी दिसली, 'गैर-मुस्लिमांना आत येण्यास मनाई'. तरीही श्रद्धा होती म्हणून आत गेला, फुलं वाहिली, हात जोडले. परत निघून दारातून पायरी उतरत असताना म्हाताऱ्या मुजावरने, म्हणजे दर्ग्याची देखभाल करणाऱ्याने, मागून येऊन पाठीत दोन्ही हातांनी ढकललं आणि शिवी देऊन म्हणाला, पाटी वाचता येत नाही का. तो तोंडावर पडला, कपाळ फुटलं.

जखम खरी होती. डॉक्टरांनीही लिहून दिलं की पुढे पडल्याने अशी जखम होऊ शकते. पाटी तर दारावर लटकतच होती. अशा वेळी पोलिसाला फार डोकं चालवावं लागत नाही. मुजावरला आणून हवालातीत बसवलं.

सत्तरी ओलांडलेला, वाळून गेलेला माणूस. डोक्यावर हिरवा रुमाल, पाय अनवाणी. मी विचारलं, "धक्का दिया?" म्हणाला, "मैंने किसी को हाथ नहीं लगाया." पाटी कुणी लावली? "कमेटी ने." कमिटी म्हणजे कोण? तर दर्ग्याच्या कारभारासाठी नुकतीच नेमलेली मंडळी, आणि त्यांचा सेक्रेटरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा कापडाचा व्यापारी. बस, यापुढे म्हातारा बोलेना. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. भिंतीकडे बघत बसून राहिला. इतक्या वर्षांत एक पाहिलंय, खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो. पण खरं बोलणारा गप्प बसला की त्याच्यासाठी काही करणंही अवघड होऊन बसतं.

दुपारी वरून फोन आला. "सांजेपर्यंत कोर्टात उभा करा, जेलमध्ये पाठवा. शहर थंड झालं पाहिजे." म्हणजे म्हातारा आत गेला की बाजार उघडणार, हा हिशेब. आणि म्हातारा खरंच निर्दोष असेल तर? ते नंतर बघू. मला त्या फोनची चीड आली, पण हातात पुरावा काय होता? काहीच नाही.

फोन ठेवला तर दारात एक मराठी काकू उभ्या. नऊवारी नाही, साधी सुती साडी, हातात छत्री. आमच्याच मोहल्ल्यातल्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, त्यांना मी लहानपणापासून ओळखत होतो. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"काहून पकडून ठेवलं रे त्यांना?" त्या म्हणाल्या. "त्या माणसाने मुंगीला कधी ढकललं नाही. माझा पोरगा टायफॉइडमध्ये गेल्यातच जमा होता, तेव्हापासून जाऊन राहिली मी तिथे."

"काल तुम्ही गेला होतात का काकू?"

"गेली होती. पाटी वाचली अन् बाहेरूनच परत आली. आतलं मी काही पाहिलं नाही, खोटं कशाला सांगू?" मग म्हणाल्या, "चलो, नियम असेल त्यांचा. पण मला वाईट वाटलं. एवढी वर्षं मी कोण होते तिथे?"

त्यांच्याकडून साक्ष काही मिळणार नव्हती. पण मला पंचनामा करायचाच होता आणि पंच म्हणून गल्लीतलं कोणी भीतीने पुढे येत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही चला. पंच व्हा." त्या म्हणाल्या, "अन् पाटी?" मी म्हटलं, "पाटी माझ्यावर सोडा."

दर्ग्याच्या दारापाशी पाय धुवायची दगडी जागा आहे, कायम ओली. तिथे पाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन काकू आत गेल्या आणि जाळीपाशी थांबल्या. बायका तिथपर्यंतच जातात, तो तिथला नियम, आणि तो त्यांना कुणी पाटी लावून शिकवला नव्हता. मी डोक्याला रुमाल बांधून त्यांच्या मागे उभा होतो, मोजमाप घेत. हवालदार टेप धरून दाराशी. काकूंनी हात जोडले, ओठ हलले, आणि त्या मागे सरकू लागल्या. एकदम माझ्या पायावर पाय.

"अहो काकू, मागे बघा ना."

"मागे काहून बघू? बाबांकडे पाठ करून कोणी निघतं का? तूच सरक."

आणि मजारीकडे, बाबांच्या कबरीकडे, तोंड ठेवून, एक एक पाऊल मागे टाकत, दाराच्या चौकटीला हाताने चाचपडत त्या पायरीवरून उलट्या उतरल्या. मी तिथेच उभा राहिलो. हवालदारही माझ्याकडे बघत होता. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती.

ठाण्यावर परत आलो तेव्हा अंगणातला घोळका वाढला होता. मी मुद्दाम फिर्यादीला अंगणातच सगळ्यांसमोर उभं केलं. मुन्शीचं टेबल मधोमध ठेवलं. म्हटलं, "भैया, ही मजार समजा. ते ठाण्याचं दार म्हणजे दर्ग्याचं दार. काल काय काय केलं, तसंच करून दाखवा. रपट पक्की झाली पाहिजे ना."

गृहस्थ खूश. चार लोक बघताहेत म्हटल्यावर अंगात आलं त्याच्या. टेबलासमोर डोळे मिटले, फुलं वाहिल्यासारखं केलं, हात जोडले. मग टेबलाकडे पाठ करून ऐटीत दाराकडे चालू लागला आणि पायरीपाशी येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाला, "यहाँ. यहाँ पीछे से धक्का मारा."

त्याच्याच घोळक्यात एक म्हातारा हलवाई होता, कपाळावर टिळा, सकाळपासून न्याय मागणाऱ्यांत पुढे. तो हळूच म्हणाला, "आप बाबा को पीठ दिखाके निकले थे?"

फिर्यादी म्हणाला, "हाँ, तो?"

"हम तो बचपन से जाते हैं," हलवाई म्हणाला, "ऐसे तो वहाँ कोई नहीं निकलता." आणि तो घोळक्यातून बाजूला झाला. त्याच्यामागे आणखी दोन-तीन जण चुळबुळत निघाले. वर्षानुवर्षं दर जुमेरातीला जाणाऱ्या माणसाला तिथे लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट माहीत नव्हती. उलटा उतरणाऱ्या माणसाला आतून कोणी ढकललं तर ते छातीवर ढकलणार आणि तो पडणार पाठीवर, कपाळ फुटेलच कसं?

मग आत नेऊन विचारपूस केली. हात लावायची गरज पडली नाही. हा माणूस दर्ग्यात आयुष्यात गेला नव्हता. पाटी लागल्याचं ऐकून वाद घालायला म्हणून आला, जोडे घालून ओल्या दगडावर चढला, घसरला आणि कपाळ आपटलं. मुजावर आत झाडू मारत होता, त्याला पत्ताही नव्हता. कपाळातून रक्त येतंय म्हटल्यावर याला पुढारीपण दिसलं. एका म्हाताऱ्याची हाडं जेलमध्ये सडली असती आणि शहरात कुणाकुणाची घरं जळली असती, याची त्याला शरम वाटत असेल तर ती मला तरी दिसली नाही. उलट मलाच म्हणाला, "लेकिन साहब, बोर्ड तो लगा है ना?"

बोर्ड होता, हे खरं. म्हणून सेक्रेटरीलाही बोलावलं. इस्त्रीची शेरवानी, अत्तर, गोड भाषा. मी विचारलं, ही मनाई कुठून आली? म्हणाला, "अनुशासन चाहिए साहब. मक्का में भी तो दूसरों को नहीं जाने देते." मुजावरला तेव्हा आम्ही बाहेर आणून चहा दिला होता. दिवसभर गप्प असलेला म्हातारा बशी खाली ठेवून बोलला, "वहाँ का कायदा वहाँ का है, सर-आँखों पर. यहाँ बाबा ने किसी से पूछा था क्या, तू कौन है?" सेक्रेटरीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर कळलं, हे गृहस्थही गेल्या उरुसाला हारतुरे घ्यायला आले होते तेवढेच. मुजावर सेक्रेटरीविरुद्ध बोलत नव्हता, कारण त्याची स्वतःची राहायची खोली कमिटीच्या मर्जीवर होती.

एखाद्या पवित्र जागेचे नियम असतात, असावेत. आमच्या देवळांतही गाभाऱ्यात सगळ्यांना सोडत नाहीत. तिथे रोज डोकं टेकणाऱ्यांनी एखादी मर्यादा घातली तर मी पोलीस म्हणून ती पाळायला लावीन. पण ज्यांचा पाय त्या दारात पडत नाही, त्यांनी दाराला खिळा ठोकायचा? आणि ज्याने ते दार पाहिलं नाही, त्याने त्या खिळ्यावर शहर टांगायचं?

मी कलम एकशे ब्याऐंशी लावायचं ठरवलं, सरकारी नोकराला खोटी खबर देण्याचं. कागद तयार केले. दुसऱ्या दिवशी सिविल लाइंसमधल्या एका बंगल्यावर बोलावणं आलं. व्हरांड्यात शांतता समितीची बैठक. फिर्यादी आणि सेक्रेटरी शेजारी शेजारी बसून एका ताटलीतली बिस्किटं खात होते. आदल्या दिवशी फोन करणारे साहेब म्हणाले, "राजीनामा झाला आहे, दोघांत समझोता. फिर्याद मागे. फाइल बंद करा."

"आणि पाटी, सर?"

"पाटी राहू द्या. वेगवेगळे राहिले की भांडण नाही. दोन्हीकडचे राजी आहेत."

दोन्हीकडचे म्हणजे ते दोघे. मी म्हणालो, "सर, तिथे रोज जाणाऱ्यांना कोणी विचारलं का?" मी तोंडी हुकमावर न थांबता माझा विरोध लेखी दिला. महिन्याभरात माझी बदली झाली. त्याचं मला काही वाटलं नाही, बदली पोलिसाच्या पाचवीला पुजलेली. पण मुजावर सुटला तरी हरला होता आणि ज्याने त्याला अडकवलं तो पुढे खरंच पुढारी झाला, याची चीड आजही आहे.

पाटी राहिली. हळूहळू हिंदूंची गर्दी ओसरली. काकू मात्र जात राहिल्या. कडुनिंबाखाली उभ्या राहून बाहेरून हात जोडायच्या, मुजावर उंबरठ्यापर्यंत येऊन बत्तासे द्यायचा. मी सुटीवर आलो की दिसायचं. एकदा म्हटलं, "काकू, आत जा, बघतो कोण अडवतं." त्या म्हणाल्या, "अन् त्याची खोली गेली तर? तू देशील का?"

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोणी धर्माचा नियम घेऊन ठाण्यात आला की मी आधी विचारायचो, तुम्ही तिथे जाता का? कसे जाता, कसे निघता, सांगा. बरेच जण तिथेच अडखळत.

काही वर्षांनी काकू गेल्या. मी पोचलो तेव्हा त्यांना बैठकीत ठेवलं होतं, घर माणसांनी भरलं होतं. मुजावर दारात येऊन उभा राहिला. फारच थकला होता. काकूंचा मुलगा, तोच टायफॉइडमधून उठलेला, पुढे होऊन म्हणाला, "बाबा, अंदर आइए." म्हाताऱ्याने अंगणातल्या नळावर पाय धुतले. उंबरठ्यावर पाय न देता आत आला. काकूंसमोर थोडा वेळ उभा राहिला, ओठ हलले. मग तो मागे सरकू लागला. काकूंकडे तोंड ठेवून, एक एक पाऊल मागे टाकत, चौकट हाताने चाचपडत.

मी त्याच्या मागेच उभा होतो. मी बाजूला सरकलो आणि त्याला वाट दिली.