ऑक्सिजनचं यंत्र कोणाकडे आहे

खंडेनवमीला माझ्या सासऱ्यांनी सर्व्हरची पूजा केली. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर ते रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. व्हीलचेअर, वॉकर, पलंग, ऑक्सिजनचं यंत्र, ज्याला लागेल त्याने न्यावं आणि गरज संपली की परत आणावं. कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे ते सगळं कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, म्हणजे आमच्या सर्व्हरवर. आजच्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची, म्हणून त्यांनी भक्तिभावाने चालू सर्व्हरची पिन उपटली, त्याला पुसून काढलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. पूजेनंतर पिन लावली तर त्यांचा प्रोग्राम उघडेना.

"बाबा, चालू मशीनची पिन कोण काढतं?" मी ओरडलेच. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, आणि घरातच हा प्रकार.

"अगं, चालू यंत्राला विश्रांती कशी मिळणार?" ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात दारात एक बाई आली. तिच्या आईला संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं, पण घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तरच सोडतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केंद्राची सगळी यंत्रं बाहेर गेलेली. एखाद्या घराची गरज संपली असेल तर मिळालं असतं, पण ती घरं कोणती हेच कळायला मार्ग नव्हता. सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. तो बघून माझा राग विरला.

तपासलं तर डेटाबेस शाबूत होता, मोडला होता तो फक्त वरचा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर कमांड देऊन पाहिल्या, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मग ठरवलं, ब्राउझरमधून डेटाबेस दाखवणारं टूल बसवायचं. ते डाउनलोड केलं, वेबच्या फोल्डरमध्ये टाकलं, त्याला डेटाबेसचा पत्ता दिला आणि या खोलीबाहेरून कोणालाही ते उघडता येणार नाही असा बंदोबस्त केला. उघडलं तर कोरं पांढरं पान! मी शिव्या हासडल्या, पण मनातल्या मनात, कारण बाबा शेजारीच होते. त्या टूलला लागणारं एक पॅकेज बसवायचं राहून गेलं होतं. ते बसवलं, पान पुन्हा उघडलं आणि पासवर्ड टाकला.

आणि मी बघतच राहिले. असले तक्ते मी रोज बघते. ऑफिसात त्यांत ऑर्डरी असतात, गोदामं असतात. इथे माणसं होती. एक व्हीलचेअर खोपटहून कल्याणला, कल्याणहून कोपरीला, तिथून परत डोंबिवलीत, घरामागून घर फिरलेली. कोणी बरं झालं की ती पुढे, कोणी गेलं की ती पुढे. मी खाली खाली सरकत होते आणि ओळी संपत नव्हत्या. ज्या खोलीवरून मी रोज घाईघाईत ऑफिसला जाते, तिच्यातून हे सगळं चाललेलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

"बाबा, हे सगळं तुम्ही भरलंत?"

"मग कोण भरणार? तू आधी ऑक्सिजनचं बघ."

परतीची तारीख रिकामी असलेली यंत्रं निवडली. त्यांतलं सगळ्यांत आधी नेलेलं कोपरीला होतं. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर लावला. तिथल्या मुलाने उचलला.

"काका, मी फोन करणारच होतो. बाबा गेले आमचे, गेल्या आठवड्यात. मशीन तसंच आहे बेडजवळ. हात लावायची हिंमतच होत नाहीये."

सासऱ्यांनी चाचरत त्या बाईच्या आईचं सांगितलं.

"ॲड्रेस द्या," तो म्हणाला. "मीच घेऊन जातो. लावायचं कसं ते मला माहितेय."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "लावून दिलं, काका. आजी घरी आल्यात, झोप लागलीय त्यांना." मग म्हणाला, "एक सांगू? तुमच्या कॉम्प्युटरमधनं बाबांचं नाव काढू नका ना."

त्याच्या बाबांची ओळ समोर उघडीच होती. प्रत्येक ओळीशेजारी असतं तसं तिच्याही शेजारी 'डिलीट' होतं. सासऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "नाही काढणार, दादा." मग परतीच्या रिकाम्या रकान्यात आजची तारीख टाकली आणि त्याच यंत्रापुढे नव्या ओळीत आजींचं नाव लिहिलं.