भिंतीकडची बाजू

पाथर्डीचे शमशेरभाई गाद्या भरतात आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी टेबल टेनिस बरं खेळतात. ‘बरं’ हा शब्द त्यांचा. गेल्या अकरा वर्षांत क्लबात त्यांना कुणी हरवल्याचं कुणाला आठवत नाही.

क्लब म्हणजे वाचनालयामागची एक खोली. टेबल आत आणल्यावर लक्षात आलं की एका बाजूला खेळाडूला मागे पाच फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला दोनच. भिंत काही हलणार नव्हती, तेव्हा नियम झाला : जो जिंकेल त्याने पुढचा डाव भिंतीकडून खेळायचा. शमशेरभाई जिंकत राहिले, म्हणजे अकरा वर्षं भिंतीपुढे उभे राहिले. हात मागे नेला की कोपर आपटायचं. कोपराने हे चार-पाचदा सहन केलं. मग फटका वीतभर झाला. चेंडू टप्पा घेऊन वर उठतो न उठतो तोच त्याला टोला, की हात परत छातीशी.

यंदा नगरला जिल्ह्याचा प्रौढांचा संघ निवडायचा होता. शेवटची एक जागा उरली. तिच्यासाठी शमशेरभाई आणि गणिताचे निवृत्त शिक्षक नृसिंह सर यांचा सामना. जिंकेल तो राज्य स्पर्धेला. शमशेरभाईंनी घरी काही सांगितलं नव्हतं. पण नवे बूट घेतले होते, त्यामुळे घरी सगळं कळलं होतं.

हॉलमध्ये मागे पंधरा फूट मोकळे. सोबत आलेला गोरक्षनाथ हा एसटीचा जुना कंडक्टर. ‘मागं सरका’ हे तो आयुष्यभर म्हणत आला होता.

“मागं सरका की शमशेरभाई! एवढं रान मोकळं हाय!”

शमशेरभाई सरकले. तिथून वीतभर फटक्याचा चेंडू जाळीत जाऊ लागला. हात लांब फिरवला, तर तो परत येईस्तोवर सरांचा पुढचा चेंडू येऊन जायचा. दोन गेम गेले, चार-अकरा आणि पाच-अकरा.

“अजून लांब हाना!” गोरक्षनाथ म्हणाला.

“गोरक्षभाऊ, तुमी पाणी प्या,” शमशेरभाई म्हणाले आणि टेबलाला जाऊन भिडले.

आता सरांची पंचाईत झाली. ते चार फूट मागून ऐसपैस हात फिरवणारे. त्यांचा हात पुरा फिरायच्या आत चेंडू परत हजर. पुढचे दोन्ही गेम शमशेरभाईंचे.

पाचव्यात नऊ-नऊ झाले. सरांनी चेंडू खोल, थेट त्यांच्या पोटावर टाकला. अर्धं पाऊल मागे घेतलं की झालं असतं. शमशेरभाईंचं पाऊल उठलंच नाही. पुढचाही तसाच आला. नऊ-अकरा, सामना सरांचा.

“पाठीमागं कोन उभं हुतं का तुमच्या?” गोरक्षनाथ चिडला. “सरायचं न्हाई?”

शमशेरभाईंनी मागे वळून पाहिलं. पंधरा फूट.

सर हात मिळवून बॅट पिशवीत घालत होते. “सर, तो पोटावरचा चेंडू जरा टाकता का? दहा मिनिटं,” शमशेरभाई म्हणाले.

“आत्ता?”

“आत्ता जागा आहे.”

सरांनी बॅट पुन्हा बाहेर काढली.

“आवो, साडेचारची जीप जाईल,” गोरक्षनाथ म्हणाला.

“जाऊ द्या. पुढची येते,” शमशेरभाई म्हणाले, आणि पहिल्या चेंडूला पुन्हा जागचे हलले नाहीत. चौथ्याला हलले.