निकाली कुस्ती आणि माझा तेलाचा डबा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या वर्गातच राहून गेलं, त्याबद्दल ही वही ज्याच्या हाती लागेल त्याची आधीच माफी मागते. कुणाच्या हाती लागू नये अशीच इच्छा आहे, म्हणून ती ज्वारीच्या कणगीत लपवते. पण लिहून ठेवायला हवं. कोरेगावजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या कुस्त्यांचा नियम एका बाईमुळे बदलला. त्या बाईने आखाड्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही आणि चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती बाई मी.

लढाईची वर्षं होती. आमचे हे पलटणीत नाईक, पायाला लागल्यामुळे घरी आले होते. तिकडे हुकूम सोडायची सवय. घरात हुकूम सोडायला तिघी: मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि म्हैस. त्यातल्या दोघी ऐकत नसत. गावाला दया आली असावी, त्यांनी ह्यांना जत्रेच्या कुस्त्यांचा पंच केलं.

ह्यांचा पहिला हुकूम निघाला, की मोठी कुस्ती निकाली होणार. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुणी आखाड्याबाहेर यायचं नाही. बरोबरीत सोडवणं बंद.

गावच्या तालमीचे बाबालाल वस्ताद समजावायला घरी आले. "नाईक, पोरं तोडीस तोड असली तर पाठ लागायची कवा? दिस मावळंस्तवर झुंजवायची व्हय? चांगली झुंजली, की दोघांचं हात वर करावं न् सोडवावी. दोघांची बी अब्रू ऱ्हाती."

"बरोबरी म्हंजे काय वस्ताद? कोर्टात दावा बरोबरीत सुटतो व्हय?"

आमच्या बांधाचा दावा सासरे असल्यापासून कोर्टात लोळत होता. ते ह्यांना त्या वेळी आठवलं नसावं. मीही आठवण केली नाही. मी दाराआड होते, आणि दारं मला फार आवडतात.

चावडीवरच्या फळ्यावर ह्यांनी स्वतः लिहिलं, 'मोठी कुस्ती निकाली होईल. निकाल न लागल्यास वर्गणी परत. हुकमावरून.' मग जोड ठरवली. एका बाजूला माझे दीर महिपती, दुसऱ्या बाजूला विट्याकडचा माझा सख्खा भाऊ येसू. कारण? दोघंही जेवायला आमच्याच घरी, म्हणजे पाहुण्या पैलवानाच्या खुराकाचा खर्च वाचला. पलटणीत असाच विचार करत असतील तर लढाई लांबली यात नवल नाही.

आता माझं काय, हे कुणी विचारलं नाही. भाऊ जिंकला तर आत्याबाई मला मरेपर्यंत ऐकवणार. दीर जिंकले तर आमचे बाबा पंचमीला मला न्यायला गाडी धाडणार नाहीत. एकदा पंगतीत तूप उशिरा आलं एवढ्यावरून त्यांनी एक पंचमी बुडवली होती. इथे तर पोराची पाठ लागणार. मला बरोबरी हवी होती. गावात बरोबरी हवी असलेली माणसं दोन, वस्ताद आणि मी, आणि आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

जत्रेच्या सकाळी मी करडईच्या तेलाचा डबा काढला. आधी गोठ्यात भावजींना गाठलं.

"भावजी, हे अंगाला चोळा. धरलं तरी हात निसटंल. येसूला सांगू नगा."

"वैनी, तुमी तर आमच्याच निघाला की," भावजी खूश.

मग परड्यात येसूला.

"येसू, चोळ बाबा. भावजींना बोलू नगंस."

"अक्का, शेवटी रक्ताचं त्ये रक्ताचंच."

एका सकाळी दोन घरांत मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

दुपारी आम्ही बायका लांब बैलगाडीत बसून बघत होतो. ह्यांनी दोघांची तपासणी केली ती पलटणीसारखी, म्हणजे नखं बघितली आणि लंगोटाची गाठ बघितली. अंगं बुटाला पॉलिश केल्यासारखी चमकत होती. ह्यांना ते आवडलं असावं.

कुस्ती लागली. भावजींनी पट काढला, येसूचा पाय सुळकन सुटला. येसूने कंबर धरली, भावजी साबणासारखे निसटले. मग तेच पुन्हा. मग तेच पुन्हा. हलगीवाल्याने हात बदलला. कुणीतरी फुटाणे संपवून झोपलं. दोघंही शेवटी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे राहिले, भरतभेट व्हावी तसे.

"नाईक, सोडवा आता," वस्ताद म्हणाले.

"हुकूम हाय."

"हुकूम तुमचाच हाय की!"

"म्हणून तर."

लोक ओरडायला लागले, "निकाल लावा, न्हाईतर पैसं टाका." तेव्हा वस्ताद आखाड्यात उतरले. भावजींच्या पाठीवर हात फिरवला, नाकाशी नेला. मग येसूच्या.

"करडीचं हाय. ताज्या घाण्याचं. दोघांचं एकच. कुणी दिलं रं?"

"वैनीनं."

"अक्कानं."

दोघं एकदम बोलले. दुपारभरात त्यांना एकदम काही जमलं ते एवढंच. मग एकमेकांकडे बघितलं, आणि मग सगळ्या मैदानाने आमच्या गाडीकडे बघितलं. मी पदर इतका ओढला, की पाठ उघडी पडली असेल.

त्याच वेळी आत्याबाई घरून तरातरा आल्या. त्यांना कुस्तीचं काही ठाऊक नव्हतं. त्या भर मैदानात विचारत होत्या, "आगं, तेलाचा डबा मोकळा कसा? कानवलं कशात तळू?"

दोघांनी तेल लावलेलं, म्हणून दोघंही बाद. निकाल नाही. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे वर्गणी परत. इनामाची रक्कम तशीच होती, पण हलगी, पानसुपारी आणि फळ्याचा रंग यांत बरीच वर्गणी गेली होती. आत्याबाईंनी माझ्या कुस्तीचा निकाल मात्र तिथल्या तिथे लावला. "त्याल तू ओतलंस, आता तूप तू इक आन् वर्गणी दारोदार तूच दे."

ज्या बाईला स्वतःच्या दाराआडून बोलवत नाही, ती वर्षभर दुसऱ्यांच्या दारात उभी राहिली. पैसे घ्यायची कुणालाच घाई नव्हती. "बस की. आधी त्ये तेलाचं सांग."

येसू आणि भावजी मात्र त्या दिवसापासून जिवलग. दोघंही माझ्यावर रुसले, तेही एकत्र. पंचमीला गाडी आली, येसूच घेऊन आला, आणि वाटभर बैलांशीच बोलला.

फळ्यावर आता लिहिलेलं असतं, 'कुस्ती बरोबरीत सुटू शकेल.' त्याखाली, 'पैलवानांनी पंचाच्या घरी उतरू नये. हुकमावरून.'

काल शेवटची वर्गणी फिटली. ती ह्यांचीच होती, एक रुपया. मी तो ह्यांच्या तळहातावर ठेवला. ह्यांनी उलटसुलट करून बघितला, बोटांनी चोळला, नाकाशी नेला.

"तेलकट लागतोय गं," म्हणाले.

घेतला मात्र.