नानांची फुंकर

केळीचा चीक विषारी झालाय, असं त्या वर्षी चोपड्याकडच्या आमच्या गावात जो तो सांगत होता. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते आणि मला ते मुळीच पटत नव्हतं. चीक दरसालचाच होता. पण घड कापताना विळा लागला की बोटभर जखमेने पाय मांडीपर्यंत सुजून काळा पडायचा. एकाचा पाय कापावा लागला. दुसरा धुळ्याला नेताना वाटेतच गेला. दोघांच्याही जखमांचा पू मी तपासायला धुळ्याला पाठवला होता.

मग मळ्यामळ्यांतून फिरले. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या मजुरांनाही विळा लागायचा, पण त्यांच्या जखमा मुकाट भरून येत. फरक एवढाच, की गावातली माणसं आधी नानांकडे धावत. नाना मंत्र म्हणून जखमेवर फुंकर घालत, पैसा घेत नसत. मजुरांना त्यांच्या ओट्यावर कोणी चढू देत नव्हतं.

"नाना, घसा दाखवा," मी म्हणाले.

"मना तोंडमा इख शे का, बाई?" इख म्हणजे विष. आवाज बसलेला होता त्यांचा.

ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. सरपंचांनी बदलीची धमकी दिली. खुशाल करा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची नानांच्या ओट्यासमोर मांडली. जखम घेऊन कोणी आला की त्याला वाटेतच गाठायचं, धुवायचं, इंजेक्शन द्यायचं. लोक शिव्या घालत, मी जखम धुवायला पाणी मागत असे.

एका सकाळी नानांच्या सुनेलाच आणलं. नडगी उघडी पडली होती. "फुंका नाना," सगळे म्हणाले. मी मधे उभी राहिले. नानांनी उपरणं तोंडावर बांधलं. "तूच देख," म्हणाले आणि लांब जाऊन बसले. तिची जखम शिवून झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं. घशातला नमुना मी धुळ्याला पाठवला.

धुळ्याहून कळलं, त्या दोघांच्या जखमांत होता तोच जंतू नानांच्या घशात. सरपंच म्हणाले, म्हाताऱ्याला सांगू नका, खचेल. मी सांगितलं. आजही सांगेन.

घशावरची गोळ्या-इंजेक्शनं पुरी झाल्यावर नानांनी गावाला ओट्यावर बोलावलं, मजुरांनाही. वाटेत गेलेल्या माणसाची बायको पुढेच बसली होती. नाना तिच्याकडे बघत म्हणाले, "त्याना पायवर मीच फुंक मारेल व्हती."