शेवट विचारणारी सुरेखा

अनोळखी घरी फोन लावून तिथला माणूस अजून जिवंत आहे का, हे विचारायचं कसं? नगरच्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या सुरेखाला सुरुवातीला हेच जमेना. "तब्येत कशी आहे त्यांची?" असं तिनं विचारावं आणि पलीकडे माणूस गेलेला असावा, की तिची वाचाच बसायची. मग तिनं आपली वाट काढली. "दवाखान्यातून सुरेखा बोलतेय. घरी सगळे कसे हायेत?" एवढं म्हणून ती गप्प बसायची. पुढचं लोक आपण होऊन सांगत.

ती पाथर्डी तालुक्यातली. आईबाप दरसाल उसतोडीला जायचे, त्यांच्यामागं फडाफडातून ती वाढली. शाळा तुकड्यातुकड्यानं बारावीपर्यंत झाली. लग्न होऊन नगरला आली आणि दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसू लागली. तिथं तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुणी गावाचं नाव सांगितलं की ती पुढचं विचारल्याशिवाय राहायची नाही. कोणत्या वस्तीवरचे, बाजरी कशीय, मामाचं गाव कोणतं. मागची रांग कुरकुरायची.

अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टर, संस्कृती मॅडम, यांना ही खोड उपयोगाची वाटली. एका दुपारी त्यांनी सुरेखाला आपल्या कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"लकवा मारून अत्यवस्थ झालेले पेशंट येतात ना आपल्याकडे, त्यातलं कोण वाचेल याचा अंदाज हा कॉम्प्युटर बांधायला शिकतोय," मॅडम म्हणाल्या.

"शिकतोय म्हंजी? कोन शिकवतं त्याला?"

"जुने पेशंट. प्रत्येकाचं वय, बीपी, साखर, शुद्ध किती होती, श्वासाचं मशीन लावलं होतं का, हे सगळं त्याला द्यायचं. आणि शेवटी माणूस जगला की गेला, तेही सांगायचं. असे पुष्कळ पेशंट बघितले की कशाचा कशाशी मेळ बसतो ते त्याचं ते ताडतं."

"आन मंग अडलंय कुठं?"

"शेवटाशी. इथून घरी गेल्यावर काय झालं, आपल्याला माहीतच नाही."

त्या दिवसापासून सुरेखा शेवट विचारू लागली. जिथं फोन लागत नसे तिथं एसटीनं जायची. घरी नवरा म्हणायचा, "लोकांच्या मयतीची चौकशी करीत हिंडायचं, हे कसलं काम!" पण तिला आतून ओढ लागली होती. सारखंच वारं अंगावरून गेलेली दोन माणसं. एक उठून चालायला लागतं, दुसरं जातं. का?

अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावात ती भिमाजी नावाच्या पेशंटच्या घरी गेली. त्यांचे आकडे चांगले होते. कॉम्प्युटरच्या हिशेबानं ते नक्की जगणारे. त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी, तिला ओसरीवर बसवलं, कोरा चहा दिला.

"बरं चाललं हुतं, बाई," राहीबाई म्हणाल्या. "बोलायला लागलं हुतं. मीच दूधभात भरवायची. एक दिस घास भलतीकडंच गेला. ठसका लागला, मंग ताप आला, छाती भरली. तालुक्याला न्हेईस्तवर संपलं."

 राहीबाई पुढं म्हणाल्या, "निजवून भरवायचं नसतं, हे मला मागनं कळलं. आदी कुनी सांगितलंच न्हाई."

हे तिनं मॅडमना जसंच्या तसं सांगितलं.  मॅडमनी लगेच नर्सना बोलावून घेतलं. तेव्हापासून घरी निघालेल्या पेशंटच्या माणसांना बसवून कसं भरवायचं, हे करून दाखवायला लागले.

आणि मग दगडाबाईंची पाळी आली. त्या सुरेखाच्याच तालुक्यातल्या. मेंदूत रक्तस्राव, शुद्ध नाही, श्वासाला नळी. मुलगा अंगद सही करून त्यांना घरी घेऊन गेला होता. असं घरी नेलेलं माणूस कॉम्प्युटरला 'गेलं' म्हणूनच सांगितलेलं होतं. फोन बंद. सुरेखा वस्तीवर पोचली तर घराला कुलूप. शेजारी रामहरी नावाचे एक आजोबा शेळीला पाला घालत होते.

"ते समदे उसाला गेल्यात," ते म्हणाले. "म्हातारीलाबी संगं न्हेलंय."

"कोनती म्हातारी?"

"कोनती म्हंजी? दगडाबाई! दुसरी कोन हाय त्यांच्यात?"

 टोळी कुठं उतरलीय, मुकादम कोण, हे सुरेखानं लगेच विचारून घेतलं. हे प्रश्न तिला लहानपणापासून पाठ होते.

पुणतांब्याच्या अलीकडं, गोदावरीच्या बाजूला, तोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या. एका कोपीच्या दारात पोत्यावर एक बाई बसली होती. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. उजव्या हातानं ताटातली बाजरी पसरून खडे वेचत होती.

"दगडाबाई तुमीच का?"

"व्हय. तू कोनाची गं?"

बोलणं थोडं ओढल्यासारखं, पण स्पष्ट. अंगद फडातून आला, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. "डॉक्टर म्हनले, आशा कमी हाय. नळी काढून घरी आनली, पाव्हन्यांना सांगावे धाडले. ते येऊन बसले. तर ही कन्हायला लागली, डोळं उघडलं. मंग कापसानं व्हट वले केले. हळूहळू मऊ खायला लागली."

"पाव्हने कशाला जमलेत म्हनून इचारलं मी," दगडाबाई म्हणाल्या, "तर एकबी बोलंना!"

अंगदनं मान खाली घातली. त्या मात्र हसत होत्या. हसताना तोंड एका बाजूला जात होतं.

सुरेखानं कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली तशा त्या सरसावून बसल्या. "मंग माझं काय सांगितलं त्यानं?"

 सुरेखाला खोटं बोलवेना. "तुमच्यासारके शंभर असले तर आठ जगतील, असं."

दगडाबाईंनी खडे वेचणं थांबवलं. "आन ते आट कोन?"

"तसं न्हाई, मावशी. ते नावं सांगत न्हाई."

"मंग काय उपेगाचं! आट कोन ते कळलं असतं, तर त्यांला इचारलं असतं की, बाबांनो, तुमी काय केलं?"

अंगदनं विचारलं, "पन ताई, मशीन चुकलं का मंग?"

 सुरेखानं तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम आधी दगडाबाईंशीच बोलल्या. मग सुरेखाला म्हणाल्या, "आठ जगतात म्हणजे कुणीतरी जगणारच, तेवढ्यावरून मशीन चुकलं असं होत नाही. पण घरी नेलेले सगळे गेले, असं आपणच त्याला शिकवलं. आपण हात सोडले, आणि ते मरण म्हणून शिकलं. आता अशा प्रत्येक घरी जायला हवं."

सुरेखा गेली. श्रीगोंदा, जामखेड, पारनेर, जमेल तिथं. बहुतेक घरी नेलेली माणसं खरंच गेलेली होती. पण सगळी नाही. कुणी अंथरुणावर होतं, कुणी कुबडीवर, एकजण चक्क टपरीवर बसला होता. मॅडमनी कॉम्प्युटरला नव्यानं शिकवलं आणि दगडाबाईंचे आकडे पुन्हा घातले. आकडा वाढला, पण थोडाच.

"एवढंच?" सुरेखा हिरमुसली.

"एवढंच. फार आजारी होत्या त्या, हे तर खरंच ना? तरी जगल्या. म्हणूनच हा आकडा अजून कुणा नातेवाइकाला दाखवायचा नाही, असं मी ठरवलंय."

"पन त्या का जगल्या, ते सांगंल का हे कधी?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. "किती ते सांगतं. का ते आपणच शोधायचं."

उसाचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर अंगद आईला दवाखान्यात घेऊन आला. आता दर महिन्याला त्या व्यायामाला येतात, भिंत धरून उभ्या राहतात आणि सुरेखाच्या खिडकीपाशी थांबून विचारतात, "कोन कोन जित्तं घावलं गं?"

परवा सुरेखानं राहात्याकडचा एक नंबर लावला. सूर्यभान नावाचे गृहस्थ, बेशुद्ध अवस्थेत घरी नेलेले. बराच वेळ रिंग वाजली. मग एक घोगरा, सावकाश आवाज आला.

"कोन बोलतंय?"

"दवाखान्यातून सुरेखा. घरी सगळे कसे हायेत?"

"समदी रानात गेल्यात. मी सूर्यभान बोलतोय. का वो, काय काम हुतं?"

 सुरेखा खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "काम काय न्हाई, दादा. तुमी आधी जेवलात का, ते सांगा. आन काय जेवलात?"